आपले आणि परके : ल्युपस या आजाराची उकल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित पाठ)



या व्याख्यानमालेतील एक पुष्प आरोग्यविषयावर गुंफावे, अशी आज्ञा विश्वस्तांनी मला केली, तेव्हा मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे परिचित विषय समोर होते. त्यांवर आपण पुष्कळ ऐकले आहे, वाचलेही आहे. म्हणून आज मी मुद्दाम एक कमी परिचित विषय निवडला आहे. त्या आजाराचे नाव ल्युपस. ही निवड करण्यामागे माझ्यावरचे एक जुने ऋण आहे. ते आधी सांगतो.

पंचवीसएक वर्षांपूर्वी, पदव्युत्तर शिक्षण घेत असताना, मी एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात काम करीत होतो. १९ वर्षांची एक मुलगी आईबरोबर तेथे येत असे. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे आखडतात, अंगात कायम बारीक ताप असतो, तोंडात व्रण येतात, केस मुठीने गळतात, उन्हात गेले की गालांवर लाली उमटते, आणि थकवा तर इतका की जिना चढवत नाही, अशा तिच्या तक्रारी होत्या. तपासणीत रक्त थोडे कमी आढळले. लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक लिहून देण्यात आले. "अभ्यासाचा ताण आहे, खाणेपिणे सुधारा" असेही सांगण्यात आले. असे आठ महिने गेले. त्या काळातील चिठ्ठ्यांपैकी दोन माझ्या हस्ताक्षरातील होत्या.

आठ महिन्यांनी तिच्या पायांवर सूज आली. लघवीतून मोठ्या प्रमाणावर प्रथिने जात असल्याचे आढळले. निदान झाले ल्युपसचे, आणि तोवर तो मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. आमच्या ज्येष्ठ डॉक्टरांनी आईला समजावून सांगितले की, मुलीच्या शरीराची संरक्षणयंत्रणा तिच्याच अवयवांवर उलटली आहे. आईने ते शांतपणे ऐकून घेतले. नंतर व्हरांड्यात मला गाठून तिने विचारले, "डॉक्टरसाहेब, शरीर आपल्याच माणसावर कसे उलटेल? आमच्या हातून काय चुकले? तिच्या खाण्यात काही कमी पडले का?" मी धीराचे चार शब्द बोललो. उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते.

आज त्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ अंशी देता येते. तेच आपल्यासमोर मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

आजाराची ओळख

ल्युपस या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने चावा घेतल्यासारखे दिसतात, या कल्पनेतून हे नाव रूढ झाले, असे सांगितले जाते. दीर्घकाळ हा केवळ त्वचेचा रोग समजला जात होता. तो शरीरातील अन्य अवयवांनाही ग्रासतो, हे १८७२ मध्ये व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी दाखवून दिले. सांधे, त्वचा, रक्त, मूत्रपिंड, फुप्फुसांचे आवरण, हृदय, मेंदू यांपैकी काहीही यात सापडू शकते. दर दहा रुग्णांत सुमारे नऊ स्त्रिया असतात, आणि त्यांतील बहुतेकींचे वय १५ ते ४५ च्या दरम्यान असते. शिक्षण, विवाह, मातृत्व या साऱ्या गोष्टी ज्या वयात घडतात, नेमके तेच हे वय.

या आजाराचा पहिला ठोस धागा १९४८ मध्ये हाती आला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक विलक्षण पेशी दिसली. त्या पांढऱ्या पेशीने दुसऱ्या एका पेशीचे केंद्रकच गिळलेले होते. पुढे १९५७ च्या सुमारास, या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्या पेशीकेंद्रकातील डीएनएला चिकटणारे प्रतिपिंड असतात, हे निरनिराळ्या प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी सिद्ध केले. प्रतिपिंड म्हणजे जंतूंना ओळखून त्यांना चिकटणारी प्रथिने. जंतूंसाठी असलेले हे हत्यार स्वतःच्या केंद्रकाकडे का वळावे, हा खरा प्रश्न होता.

किल्ल्या आधी, कुलपे मागाहून

विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने असा विचार मांडला होता की, शरीराला स्वतःविरुद्ध विष निर्माण करण्याची जणू मूलतःच धास्ती असते, त्यामुळे निसर्ग ते घडू देत नाही. पुढे १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी आपला सुप्रसिद्ध सिद्धान्त मांडला. शरीरात असंख्य प्रकारच्या प्रतिकारपेशी आधीच तयार असतात. जो जंतू आत येतो, त्याला जुळणारी पेशी तेवढी वाढीस लागते. ज्या पेशी स्वतःच्याच घटकांना जुळतात, त्या आयुष्याच्या आरंभीच नष्ट केल्या जातात, आणि एखादी निसटली तर ती रोग निर्माण करू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९६० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे समजण्यासाठी बी-पेशींचे कार्य थोडक्यात पाहू. प्रतिपिंड तयार करणाऱ्या या पेशी अस्थिमज्जेत जन्म घेतात. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर तिच्या प्रतिपिंडाचा नमुना बसविलेला असतो. त्याला आपण किल्ली म्हणू. जगात कोणकोणते जंतू भेटतील, हे शरीराला आधी ठाऊक नसते. म्हणून ते कुलूप पाहून किल्ली घडवीत बसत नाही. जनुकांचे तुकडे निरनिराळ्या प्रकारे, बव्हंशी योगायोगाने जोडून ते कोट्यवधी वेगवेगळ्या किल्ल्या आधीच घडवून ठेवते. माणसाची प्रथिने घडविणारी जनुके सुमारे २० हजार, आणि प्रतिपिंडांचे प्रकार कोट्यवधी, हे कोडे जनुकांच्या या फेरजुळणीमुळे सुटते, असे सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखविले. त्यासाठी त्यांना १९८७ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

बंधू-भगिनींनो, येथेच सारे मर्म आहे. किल्ल्या योगायोगाने घडत असतील, तर त्यांतील काही आपल्याच घराच्या कुलपांना लागणारच. योगायोगाला आपले आणि परके कळत नाही. म्हणजे स्वतःवर उलटू शकणाऱ्या पेशी जन्माला येणे हा अपघात नव्हे. ज्या पद्धतीमुळे आपण हजारो जंतूंपासून वाचतो, त्या पद्धतीची ती अटळ किंमत आहे.

ही किंमत किती मोठी असावी? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मिशेल नुसेन्झ्वाइग यांच्या प्रयोगशाळेत हेडा वॉर्डेमान आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या एकेका बी-पेशीचे प्रतिपिंड वेगळे करून तपासले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष थक्क करणारा होता. अस्थिमज्जेतील अगदी कोवळ्या बी-पेशींपैकी ५५ ते ७५ टक्के पेशी स्वतःच्याच घटकांना चिकटणाऱ्या होत्या. निम्म्याहून अधिक! आणि ही माणसे पूर्णतः निरोगी होती.

तीन चाळण्या

मग आपण सारे आजारी का पडत नाही? आपल्या घरातील माताभगिनी धान्य आधी चाळतात, मग सुपाने पाखडतात आणि शेवटी ताटात घेऊन खडे निवडतात. शरीरही काहीसे असेच करते.

पहिली चाळणी अस्थिमज्जेत असते. कोवळी पेशी तेथील स्वकीय घटकांना घट्ट चिकटली, तर तिला लगेच पुढे जाऊ दिले जात नाही. पुष्कळदा तिला आपली किल्ली पुन्हा घडविण्याची संधी मिळते. जनुकांचे उरलेले तुकडे वापरून ती नवी किल्ली बनविते. ही दुरुस्ती १९९३ मध्ये उंदरांवरील अभ्यासांतून उघड झाली. तरीही न सुधारलेल्या पेशी मरण पावतात. ज्या दुबळेपणाने चिकटतात, त्या जिवंत राहतात, पण सुन्न होतात. हाक आली तरी ओ देत नाहीत. अशा सुन्न पेशींचे अस्तित्व १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात ख्रिस्तोफर गुडनाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.

दुसरी चाळणी अस्थिमज्जेबाहेर, रक्त आणि प्लीहा यांच्या वाटेवर आहे. वॉर्डेमान यांच्या अभ्यासात अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशींत स्वतःला चिकटणाऱ्या पेशी सुमारे ४० टक्के होत्या. पूर्ण वाढ झालेल्या पेशींत त्या सुमारे २० टक्क्यांवर आल्या. शून्यावर मात्र आल्या नाहीत. चाळणी फार बारीक केली, तर चांगले धान्यही अडकेल आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी कमी पडतील, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

तिसरी निवड सर्वांत नाजूक. जंतू शरीरात आला की लसिका ग्रंथींमध्ये बी-पेशी वेगाने वाढू लागतात आणि किल्ली अधिक अचूक बसावी म्हणून तिच्या जनुकांत जाणूनबुजून बदल करतात. या बदलांत एखादी निरुपद्रवी किल्ली अकस्मात आपल्याच डीएनएला जुळू शकते. ल्युपसच्या रुग्णांतील अशा काही प्रतिपिंडांमधील बदल शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत पुसून टाकले आणि त्यांना जन्मावेळच्या मूळ रूपात आणले, तेव्हा त्यांचे डीएनएला चिकटणे नाहीसे झाले. म्हणजे धोकादायक पेशींपैकी काही जन्मतःच तशा असतात, तर काही मूळच्या निर्दोष असून पुढे बिघडतात.

या तिसऱ्या टप्प्यावर दुसऱ्या एका पेशीसमूहाची परवानगी लागते. त्या टी-पेशी. छातीतील थायमस ग्रंथीत त्या घडतात. या ग्रंथीचे महत्त्व १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी दाखविले. तेथील परीक्षा इतकी कठोर असते की ९० टक्क्यांहून अधिक उमेदवार पेशी तीत उतरत नाहीत. तरीही काही निसटतातच. त्यांना आवर घालण्यासाठी नियामक टी-पेशींचा वेगळा वर्ग असतो. तो १९९५ मध्ये जपानच्या शिमोन साकागुची यांनी दाखविला. या संशोधनासाठी साकागुची, मेरी ब्रंकोव्ह आणि फ्रेड रॅम्सडेल यांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले आहे.

ल्युपसमध्ये काय बिघडते?

रॉकफेलरच्याच गटाने २००५ मध्ये उपचार सुरू न झालेल्या मोजक्या ल्युपस-रुग्णांच्या पेशी तपासल्या. ज्या टप्प्यावर निरोगी व्यक्तींत स्वतःला चिकटणाऱ्या पेशी ५ ते २० टक्के आढळल्या, त्याच टप्प्यावर रुग्णांत त्या २५ ते ५० टक्के होत्या. पुढील वर्षी त्यांना असेही आढळले की, उपचारांनी आजार शांत झाल्यावरही हे प्रमाण चढेच राहते. म्हणजे चाळण्यांची जाळीच सैल असते. लक्षणे शमली तरी ती सैलच राहते. औषध एकाएकी थांबविले की आजार का उसळतो, याचे एक कारण यात दिसते.

पण जाळी सैल असणे एवढ्याने रोग होत नाही. निसटलेल्या पेशीला कोणीतरी जागे करावे लागते. आता केंद्रकाचा प्रश्न येतो.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी मरतात आणि त्यांची नित्य सफाई होते. ही सफाई मंदावली, तर मृत पेशींचे केंद्रक आणि डीएनए उघड्यावर पडून राहते. सफाईत मदत करणारे सी१क्यू नावाचे एक प्रथिन आहे. ज्या थोड्या लोकांत ते जन्मतःच नसते, त्यांपैकी बहुसंख्यांना ल्युपस किंवा त्यासारखा आजार होतो. बाहेर पडलेल्या डीएनएचे तुकडे करणाऱ्या एका विकराचे जनुक सदोष असलेल्या कुटुंबांतही बालवयातच ल्युपस होतो, असे २०११ मध्ये आढळले.

दुसरी गोष्ट अशी की, पेशींच्या आत विषाणूंचे डीएनए व आरएनए ओळखणारे पहारेकरी असतात. त्यांपैकी दोन महत्त्वाचे : टीएलआर-७ आणि टीएलआर-९. आपले स्वतःचे डीएनए सहसा त्यांच्या दारापर्यंत पोहोचतच नाही, म्हणून ते शांत राहतात. पण ज्या बी-पेशीची किल्ली केंद्रकाच्या घटकाला जुळते, ती तो घटक पकडून थेट आत ओढून नेते आणि पहारेकऱ्याच्या पुढ्यात ठेवते. पहारेकऱ्याला वाटते, विषाणू आला! एका बाजूने किल्ली जुळल्याची खूण, दुसऱ्या बाजूने धोक्याची घंटा. दोन्ही एकाच वेळी मिळाल्याने सुन्न पडलेली पेशी जागी होते. ल्युपसमध्ये नेमके केंद्रकच लक्ष्य का होते, याचा हा फार मोठा खुलासा आहे. बोस्टन येथील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पेशींवर २००२ मध्ये तो प्रथम दिला.

यापुढे चक्र स्वतःच फिरू लागते. प्रतिपिंड आणि केंद्रकाचे तुकडे यांच्या गाठी बनतात. त्या अन्य पेशींना चेतवितात, आणि इंटरफेरॉन हे विषाणूंविरुद्ध वापरले जाणारे रसायन मोठ्या प्रमाणावर तयार होते. त्याबरोबर बी-पेशींना जगविणारा बॅफ नावाचा घटकही वाढतो. एरवी ज्या दुबळ्या पेशी आपोआप मेल्या असत्या, त्या त्याच्या आधाराने तगतात. काही पेशी तर लसिका ग्रंथीतील तिसरी निवड टाळून, आडवाटेने थेट प्रतिपिंड बनविणाऱ्या कारखान्यांत रूपांतरित होतात. त्या गाठी मूत्रपिंडाच्या बारीक जाळ्यांत जाऊन बसतात आणि तेथे दाह सुरू होतो. त्या मुलीच्या पायांवरील सूज येथून आली होती.

स्त्रियांनाच अधिक का?

टीएलआर-७ चे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. स्त्रीमध्ये दोन एक्स गुणसूत्रे असतात, आणि प्रत्येक पेशीत त्यांतील एक बहुतांशी बंद ठेवले जाते. मात्र हे जनुक काही प्रतिकारपेशींत त्या बंदीतून निसटते, असे २०१८ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी दाखविले. म्हणजे त्या पेशींत पहारेकरी गरजेपेक्षा अधिक. दोन एक्स आणि एक वाय अशी गुणसूत्रे घेऊन जन्मलेल्या पुरुषांत ल्युपसचा धोका अन्य पुरुषांच्या सुमारे १४ पट असतो, असे २००८ च्या एका अभ्यासात आढळले होते. त्याच्याशी हे जुळते.

या साखळीचा सर्वांत स्पष्ट पुरावा २०२२ मध्ये मिळाला. स्पेनमधील एका मुलीला सातव्या वर्षी ल्युपस झाला होता. कॅरोला व्हिन्युएसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिच्या टीएलआर-७ जनुकात एकाच अक्षराचा बदल आढळला. त्यामुळे तो पहारेकरी जरुरीपेक्षा तिखट झाला होता. तोच बदल उंदरात घडविल्यावर त्यालाही ल्युपससारखा आजार झाला. बहुतेक रुग्णांत मात्र असे एकच जनुक दोषी नसते. अनेक लहानलहान प्रवृत्ती एकत्र येतात. त्यांत ऊन, काही विषाणू, संप्रेरके यांची भर पडते. एका अमेरिकी अभ्यासानुसार, एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ल्युपस असल्यास दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्के आहे. जनुके सारी सारखी असूनही चारांतील तिघांच्या जुळ्या भावंडाला तो होत नाही.

शांततेची वर्षे

आणखी एक अभ्यास आपण लक्षात ठेवावा. अमेरिकी सैन्यदलात सैनिकांच्या रक्तद्रवाचे नमुने वर्षानुवर्षे जतन केलेले आहेत. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे जुने नमुने बाहेर काढून तपासण्यात आले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, त्यांपैकी ११५ जणांच्या रक्तात निदानापूर्वीच किमान एक स्वप्रतिपिंड होते. काहींत तर नऊ वर्षांहूनही आधी. प्रारंभी एकदोन प्रकारचे, नंतर अधिक, आणि अखेरीस लक्षणे, असा तो क्रम होता. आजार एका रात्रीत येत नाही.

यावरून कोणी घाबरून सर्व मुलींची रक्ततपासणी करून घेऊ नये. केंद्रकविरोधी प्रतिपिंडांची चाचणी, जिला एएनए म्हणतात, ती मंद प्रमाणात अनेक निरोगी माणसांतही होकारार्थी येते. मघाशी पाहिलेली आकडेवारी आठवली, तर यात नवल वाटणार नाही. चाचणी लक्षणांच्या सोबतीनेच वाचावी लागते. पण लक्षणे असताना ती न करणे ही मोठी चूक, आणि ती चूक माझ्याकडूनही घडली आहे.

उपचारांची दिशा

कारणे उमगली तशी औषधे अधिक नेमकी झाली. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियावरच्या औषधांच्या कुळातील जुने, स्वस्त औषध ल्युपसचा आजही पाया आहे. पेशीच्या आतील त्याच पहारेकऱ्यांना ते मंद करते, हे आता कळले आहे. डोळ्यांची ठरावीक तपासणी करीत ते वर्षानुवर्षे घेता येते. बॅफला अडविणारे बेलिमुमॅब २०११ मध्ये आणि इंटरफेरॉनचा मार्ग रोखणारे अ‍ॅनिफ्रोलुमॅब २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

सर्वांत धाडसी पाऊल जर्मनीतील एर्लांगेन विद्यापीठात पडले. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, बी-पेशी ओळखण्याची क्षमता त्यांना देऊन, त्या पुन्हा शरीरात सोडण्यात आल्या. कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या २० वर्षांच्या एका तरुणीवर २०२१ मध्ये हा उपचार प्रथम झाला. २०२४ मध्ये गेऑर्ग शेट यांच्या गटाने १५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांत ल्युपसचे आठ होते, आणि त्या आठही जणांचा आजार शांत झाला होता. काही महिन्यांनी बी-पेशी अस्थिमज्जेतून पुन्हा जन्मल्या, त्या कोवळ्या आणि अननुभवी होत्या. जणू धान्य नव्याने दळायला घेतले. याच तऱ्हेचा उपचार आपल्या मुंबईत आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या प्रयत्नांतून विकसित झाला आणि २०२३ मध्ये भारतात मान्यता पावला; पण ती मान्यता रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, ल्युपससाठी नव्हे. रुग्णसंख्या लहान आहे, खर्च प्रचंड आहे, धोकेही आहेत. आशा ठेवावी, घाई करू नये.

घरी काय करावे?

आता आपल्या घरांविषयी थोडे. तरुण मुलीला सहा आठवड्यांहून अधिक काळ सांधेदुखी, बारीक ताप, तोंडातील व्रण, उन्हाने येणारी लाली यांपैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर केवळ टॉनिकवर समाधान मानू नका. साधी लघवीची तपासणी आवर्जून करून घ्या. मूत्रपिंडाचा पहिला इशारा तीच देते. निदान झाल्यास संधिवाततज्ज्ञांचा सल्ला घ्या.

आपल्याकडे उपवासाची परंपरा आहे. ल्युपसचा रुग्ण उपवास करू इच्छित असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे. दीर्घकाळ स्टेरॉईड घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरातील ते संप्रेरक तयार करणाऱ्या ग्रंथी मंदावलेल्या असतात. अशा वेळी गोळ्या एकाएकी बंद केल्यास जीवावर बेतू शकते. मूत्रपिंड दुखावलेले असेल, तर निर्जळी उपवासही घातक ठरतो. सूर्यास्तानंतर काही न घेण्याचा नियम असल्यास बहुतेक औषधांच्या वेळा दिवसात बसविता येतात. केवळ विचारण्याचा संकोच नसावा.

आणि विवाहाविषयी. हा आजार संसर्गजन्य नाही. आजार निदान सहा महिने शांत असेल आणि औषधांची आखणी आधीच केलेली असेल, तर बहुतेक स्त्रियांना सुखरूप मातृत्व लाभते. गर्भाला अपाय करणारी काही औषधे आधी बदलावी लागतात, म्हणून ही गोष्ट लपवून विवाह करणे मुलीच्याच हिताचे नसते. आणि ती कळल्यावर तोंड फिरविणे माणुसकीचे नसते.

एका प्रश्नाचे उत्तर

त्या मुलीचे मूत्रपिंड वाचले. पुढे तिचे शिक्षण पूर्ण झाले, विवाह झाला, तिला एक मुलगा आहे. आजही ती नियमित गोळ्या घेते. काही वर्षांपूर्वी तिच्या आईची भेट झाली, तेव्हा मी तिला तिच्या प्रश्नाची आठवण करून दिली आणि म्हणालो, "तुमच्या हातून काहीही चुकले नव्हते. अशा पेशी तुमच्या, माझ्या, प्रत्येकाच्या शरीरात रोज जन्मतात. आपल्या शरीरात त्या रोज निवडून काढल्या जातात. तिच्या शरीरात ती निवड थोडी सैल पडली, एवढेच. ती कोणाच्या खाण्यापिण्याने वा कोणाच्या दोषाने सैल झाली नव्हती."

ती माउली थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी त्या वर्षापासून गोड सोडले होते. माझ्याच चुकीने झाले, असे वाटत होते. एवढे तेव्हाच सांगितले असतेत, तर रात्रीची झोप तरी लागली असती."

तेव्हा मला ते सांगता आले नाही, कारण तेव्हा मलाच ते ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहे. म्हणून आपणांस विनंती करतो की, आपल्या नात्यात वा शेजारी अशी एखादी मुलगी असेल, तर तिच्या आईपर्यंत हे पोहोचवावे. ते पोहोचले, तर माझे ऋण थोडे तरी फिटले असे मी समजेन.